वरची दाढ काढलीय, आता ब्रिज की सायनस लिफ्ट करून इम्प्लांट?

वरची मागची दाढ काढली की बरेच जण म्हणतात दिसत तर नाही, बघू नंतर. पण या दाढांच्या मुळांच्या डोक्यावरच सायनसची, म्हणजे गालाच्या हाडामागची हवेची, पोकळी असते, काहींच्या बाबतीत मध्ये जेमतेम पापुद्र्याएवढं हाड. दाढ गेली की ते हाड खालून झिजत जातं आणि वरून सायनस खाली पसरतो, म्हणजे दोन्हीकडून कमी. रुंदी तर पहिल्या वर्षात जवळपास निम्म्यावर येऊ शकते आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या ३ महिन्यांतच होते, म्हणून "नंतर बघू" हे खरंच महागात पडतं.

ब्रिज म्हणजे शेजारच्या दातांवर कॅप बसवून त्यांच्या आधाराने मध्ये लावलेला खोटा दात. त्याचं सगळ्यात चांगलं म्हणजे एकदोन आठवड्यांत काम संपतं, ऑपरेशन नाही, खर्चही कमी. पण आजूबाजूचे दात घासून बारीक करावे लागतात आणि एकदा घासले की घासले. खालचं हाड झिजायचं ते झिजतंच, मग काही वर्षांनी खोट्या दाताखाली फट पडून तिथे अन्न अडकायला लागतं. आणि शेवटचीच दाढ गेली असेल तर मागे आधारच नाही, मग नेहमीसारखा ब्रिज बसतच नाही.

इम्प्लांट म्हणजे हाडात स्क्रू रोवून त्यावर बसवलेला दात, त्यात शेजारच्या दातांना हात लावावा लागत नाही आणि भोवतीचं हाड बऱ्यापैकी टिकतं. फक्त तो रोवायला उंची हवी, म्हणून सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा थ्रीडी एक्स-रे) काढा आणि डॉक्टरांना सरळ विचारा, सायनसखाली किती मिलीमीटर हाड आहे? ८-१० असेल तर लिफ्टची, म्हणजे सायनसचा तळ वर उचलून हाडाला जागा करायची, गरज सहसा नसते. ५-६ असेल तर इम्प्लांटच्याच भोकातून सायनसचा तळ थोडा वर उचलतात किंवा ६ मिलीमीटरचा आखूड इम्प्लांट बसवतात. ४ च्या खाली असेल तर मोठी लिफ्ट, गालाच्या बाजूने हाडात छोटी खिडकी करून आतला पातळ पडदा हळूच वर सारायचा आणि खाली ग्राफ्ट, म्हणजे हाड तयार व्हायला मदत करणारी पावडर, भरायचा. हा पडदा एक मिलीमीटरपेक्षाही पातळ असतो, कधीकधी फाटतो, म्हणून डॉक्टरचा हात सरावाचा हवा. हाड तयार व्हायला ६ ते ९ महिने, तोवर थांबायची तयारी ठेवा. सुरुवातीचे काही आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची. ग्राफ्टची पावडर बऱ्याचदा गायीगुरांच्या हाडापासून केलेली असते, घरात ते चालणार नसेल तर आधीच बोला, सिंथेटिक पावडरही मिळते.

माझं मत विचाराल तर शेजारच्या दोन्ही दातांना आधीच रूट कॅनल होऊन कॅप बसवायचीच असेल तर ब्रिज बिनधास्त करा. दात धडधाकट असतील तर ते घासू देऊ नका, पैसे साठवा पण इम्प्लांटच करा. मात्र तंबाखू, मिश्री, सिगरेट चालू असेल किंवा शुगर आटोक्यात नसेल तर आधी ते बघा, कारण त्यात जखमही नीट भरत नाही आणि ग्राफ्टही नीट धरत नाही. एकाच बाजूचं नाक सारखं चोंदतंय आणि घाण वास येतोय असं असेल तर लिफ्टच्या आधी कान-नाक-घसावाल्यांना दाखवा.

आणि दाढ अजून काढलीच नसेल तर काढायच्या दिवशीच त्या खड्ड्यात ग्राफ्ट भरता येईल का ते विचारून घ्या, झीज पूर्ण थांबत नाही पण पुष्कळ कमी होते आणि पुढची मोठी लिफ्ट टळू शकते.