'शोले' की 'दीवार'?

साल 1975. लेखक तेच, सलीम-जावेद, अमिताभही दोन्हींकडे. 'दीवार' जानेवारीत आला, 'शोले' स्वातंत्र्यदिनी.

'दीवार' आपल्या मुंबईचा: गोदी, हमाल, हप्तेवसुली, 786 चा बिल्ला. यश चोप्रांनी हाणामारीपेक्षा दोन भावांतली धग जपली, म्हणून तो एकट्यानं, गपचूप पाहावा.

'शोले' मात्र घोळक्यातच. कर्नाटकातल्या रामनगरचे खडक, 70 एमएमचा पडदा, जयचा माउथ ऑर्गन आणि गब्बर! सांबा तर जेमतेम तोंड उघडतो, तरी पोरासोरांना ठाऊक. मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात पाच वर्षं उगाच नाही चालला. (विनोद लांबलेत हो, जेलरचा तर फारच.)

पटकथा मला 'दीवार'चीच घट्ट वाटते. पण टीव्हीवर लागला की रिमोट खाली ठेवायला लावतो तो 'शोले'.