कोटेशन, सही आणि ॲडव्हान्स एकाच लिंकवर: मंडपवाल्याचा हंगामभराचा अनुभव

मंडप, खुर्च्या, गाद्या-लोड आणि स्वयंपाकाची भांडी भाड्यानं द्यायचा आमचा धंदा, गोडाऊन कोल्हापूरजवळ उचगावला. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास कोटेशन ऑनलाइन पाठवायचं सॉफ्टवेअर घेतलं. नाव देत नाही, कारण अशी बरीच आहेत आणि सगळ्यांचं काम एकाच धाटणीचं. गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर लिंक जाते, तो कोटेशन बघून मंजूर करतो, ओटीपी टाकतो, बोटानं सही करतो आणि तिथंच ॲडव्हान्स भरतो. लगीनसराई, जोतिबाची चैत्र यात्रा, गावोगावच्या म्हाया (गावजत्रेची जेवणं) आणि गणपती, सगळं त्यावर काढलं.

घेतलं होतं पैसे लवकर यावेत म्हणून. उपयोग मात्र जास्त झाला तो हिशेबाच्या दिवशी. आमच्या धंद्यात सगळं फोनवर ठरतं आणि पाहुणे जेवून गेल्यावर आठवणी बदलतात. कागलच्या एका लग्नात नवरीचे मामा खुर्च्यांना कव्हर नाही म्हणून पोरांवर तापले. "आवो, कव्हर धरूनच रेट ठरला होता की!" आमच्या सुपरवायझरनं मोबाईल पुढं केला. कोटेशनमध्ये खुर्च्या 400 आणि त्याच्या खाली कव्हरची वेगळी ओळ. ती ओळ गिऱ्हाइकाला हवी तर ठेवता येते, नको तर काढता येते. त्या ओळीची टिक काढून टाकलेली, खाली भाच्याची सही, तारीख आणि वेळ. मामांनी भाच्याकडं बघितलं, भाचा म्हणाला, "बजेट बसत न्हवतं मामा." विषय तिथंच मिटला आणि मामांनी कव्हरचे पैसे वेगळे दिले. कागदाच्या कोटेशनवर हे झालं असतं? कागद त्या दिवशी कधीच कुणाच्या खिशात नसतो.

मुहूर्ताच्या तारखांचा घोळ हा दुसरा मोठा विषय. एकाच तारखेला चार जण विचारतात, माल दोघांपुरताच असतो. आता कोटेशनला मुदत घालतो आणि ॲडव्हान्स आला तरच माल अडकवतो. नुसती मंजुरी आली तर माल मोकळाच राहतो. ही सेटिंग घेतानाच तपासून घ्या. काही ठिकाणी सही झाली की माल बुक दाखवतात आणि पैसे न भरता बसलेल्या गिऱ्हाइकापायी दुसरं चांगलं गिऱ्हाईक परत जातं.

बोटाच्या सहीला किंमत आहे का, हे बरेच जण विचारतात. आमच्या वकिलांनी सांगितलं ते असं. करार इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं झाला एवढ्याच कारणानं तो रद्दबातल ठरत नाही, हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 10अ मध्ये आहे. पण कायद्यानं सांगितलेली इलेक्ट्रॉनिक सही म्हणजे आधार ई-साइनसारखी, बोटाची रेघ ही त्यातली नव्हे. इथं जोर पुराव्यावर: कोणत्या नंबरवर ओटीपी गेला, कधी उघडलं, कधी मंजूर केलं. कोर्टात जायची वेळ आलीच तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, म्हणून ही नोंद सॉफ्टवेअरमधून डाउनलोड करता आली पाहिजे. खुर्च्या-ताटांसाठी एवढं पुष्कळ झालं. मोठ्या जर्मन हँगरच्या (मध्ये खांब नसलेल्या मोठ्या मंडपाच्या) कामाला मी अजून स्टॅम्प पेपरच करतो.

पैशाचं म्हणाल तर बहुतेक लोक यूपीआयनंच भरतात. त्यावर 2020 पासून एमडीआर, म्हणजे पैसे घेणाऱ्याकडून कापली जाणारी फी, नाही. पण पेमेंट गेटवेवाले, म्हणजे लिंकवरचे पैसे आपल्यापर्यंत पोचवणारी कंपनी, आपली वेगळी फी लावतात का ते करारात बघा. कार्डावर साधारण 2 टक्के आणि त्यावर 18 टक्के जीएसटी जातो. यूपीआयची नेहमीची मर्यादा दिवसाला 1 लाखाची, त्यामुळं मोठ्या लग्नाचा ॲडव्हान्स दोन हप्त्यांत घ्यायची सोय हवी. आमच्याकडं ती नंतर आली, तोवर लोक एनईएफटी करून स्क्रीनशॉट पाठवायचे आणि मी हातानं नोंद करत बसायचो.

डिपॉझिटनं मात्र डोकं खाल्लं. परत द्यायचं डिपॉझिट हा मोबदला नाही, त्यावर जीएसटी लागत नाही. ॲडव्हान्सवर मात्र लागतो, कारण भाड्यानं देणं ही सेवा आणि सेवेचा ॲडव्हान्स आला की त्या महिन्यातच कर दाखवायचा. सॉफ्टवेअर दोन्ही एकाच ओळीत धरून सगळ्यावर 18 टक्के लावत होतं. सपोर्टला सांगून डिपॉझिटची ओळ वेगळी करून घेतली. परतीचं अजून धड नाही. वाकलेलं पातेलं, हरवलेल्या वाट्या, भाजलेली गादी, यांची वजावट गिऱ्हाइकाला दाखवून त्यावर परत मंजुरी घ्यायची सोयच नाही. म्हणजे जिथं खरी बाचाबाची होते तिथं आम्ही पुन्हा वहीवर. सध्या फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकतो आणि "ठीक आहे" असं उत्तर येईपर्यंत डिपॉझिट सोडत नाही.

गणपती मंडळांत ही लिंक चालत नाही. अध्यक्ष बघतो, ग्रुपवर टाकतो, खाली अंगठ्यांचा ढीग पडतो, सही कुणीच करत नाही. वर्गणीचे पैसे रोख, खजिनदार रात्री मंडपात भेटणार. तिथं मी कोटेशन छापूनच नेतो. उलट नोकरीला पुण्या-मुंबईला असलेली आणि लग्न गडहिंग्लज-आजऱ्याकडं असलेली मंडळी यावर खूष. पूर्वी त्यांचे वडील फक्त ॲडव्हान्स द्यायला एसटीनं यायचे, आता मुलगा ऑफिसातून भरतो आणि वडिलांना पावती जाते.

मराठी पीडीएफ अजून बिघडते. स्क्रीनवर बरोबर दिसणारी "खुर्च्या" छापताना र्च फुटून येते, म्हणून मालाची नावं नाइलाजानं इंग्रजीत ठेवलीत आणि म्हाईचं जेवण करणारे आचारी त्यावरून फोन करतात. सॉफ्टवेअर पुढंही चालू ठेवलंय, पण महिन्याच्या प्लॅनवर. परतीची मंजुरी आणि मराठी छपाई सुधारली तरच वर्षाचं घेणार, असं त्यांना सांगून ठेवलंय.