चौकातल्या शिल्पासाठी जुना बाजार: काय उचलावं, काय सोडावं

मंडळातर्फे भंगारातून चौकात शिल्प उभं करायचं असेल, तर पुण्याच्या मंगळवार पेठेतला जुना बाजार पाचपैकी चार गुणांचा. भरतो बुधवारी आणि रविवारी. वस्तू उलटीपालटी करून बघायला मोकळीक हवी, म्हणून बुधवारी सकाळी जाणं बरं.

कुलपं, किल्ल्या, गिअर, शिलाई मशीनचे पाय, तांब्या-पितळेची मोडकी भांडी असा माल असतो. पण जुनं दिसलं म्हणून उचलू नये. शिल्प नाना पेठेत लागणार असेल तर गाड्यांचे सुटे भाग शोभतात, कारण तिथला धंदाच तो. कसब्यातल्या तांबट आळीजवळ लागणार असेल तर तांब्याचं घंगाळ किंवा बंबच शोधा.

घंगाळ उन्हात तिरकं धरून पाहा. हातानं मठारलेल्या तांब्यावर ठोके एकमेकांना चिकटून ओळीनं गोल फिरत जातात आणि ऊन प्रत्येक ठोक्यात वेगळं चमकतं. यंत्रावर दाबलेली नक्षी सगळीकडे एकसारखी असते. आळीची सही त्या ठोक्यांत आहे, म्हणून बफ (पॉलिशचं फिरतं चाक) मारून ती घालवू नका. चिंच-मीठ लावून चोळा, धुवा, लगेच पुसा, बास.

खिशात लोहचुंबक आणि छोटी कानस हवीच. पितळी म्हणून दिलेली वस्तू चिकटली, तर आत लोखंड आणि वर मुलामा. नाही चिकटली तरी तळाशी कानशीनं एक रेघ ओढा. पिवळी निघाली तर घ्या, राखाडी निघाली तर तिथेच सोडा.

खरी फसगत पुढे जोडकामात होते. शिलाई मशीनचे पाय बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे. साध्या रॉडनं वेल्डिंग केलं की गार होताना सांध्याशेजारी तडा जातो, कारण बिडात कार्बन जास्त. निकेलचा रॉड वापरून, भाग आधी तापवून, छोटे टाके मारून कोरड्या वाळूत सावकाश गार करावं लागतं. त्यापेक्षा भोक पाडून बोल्ट लावणं केव्हाही चांगलं. जीआय पाइपवरचं जस्त वेल्डिंगआधी घासून काढा, त्याच्या धुरानं ताप भरतो. भांड्याला आतून कल्हई असेल तर सांध्यापुरती तीही काढा. कथील २३२ अंशांनाच वितळून पसरतं आणि ब्रेझिंग (पितळेसारखा धातू वितळवून केलेला जोड) नीट धरत नाही.

तांबं लोखंडी सांगाड्यावर थेट ठोकू नका. पुण्याच्या पावसात दोन्ही धातू ओले राहिले की लोखंड झपाट्यानं गंजतं आणि तांब्यावरून तांबूस ओघळ येतात. मध्ये ३ मिमी रबर घाला, रिव्हेट तांब्याचेच वापरा. तोंड वर करून लावलेल्या भांड्याच्या तळाला ८ मिमीचं भोक हवं, नाहीतर पाणी साचून डास होणारच.

एक गुण कापला तो दोन कारणांनी. मंडळाच्या हिशेबाला लागणारं पक्कं बिल बहुतेक ठिकाणी मिळत नाही, त्यामुळे व्हाउचर बुक सोबत न्यावं. शिवाय एकाच मापाचे नग मिळत नाहीत. म्हणून आधी माल आणा, फरशीवर मांडा आणि मग आराखडा काढा.