साधं आयटूसी की पीएमबस? पॉवर सप्लायची चिप निवडताना

प्रोसेसरच्या गाभ्याला मिळणारं कोअर व्होल्टेज सॉफ्टवेअरमधून बदलायचं ठरलं, की यादीत दोन प्रकारच्या चिप उरतात. एकीला साधं आयटूसी, म्हणजे क्लॉक आणि डेटा या दोन तारांची बस, असतं: उत्पादकाचा स्वतःचा रजिस्टर मॅप (चिपमधल्या सेटिंगच्या कप्प्यांची यादी), त्यात एक बाइट लिहायचा आणि झालं. दुसरी पीएमबसची, म्हणजे पॉवर सप्लायसाठी ठरवलेल्या प्रमाणित भाषेची. तारा त्याच दोन, पण कमांड आधीच ठरलेल्या. मी दोन्ही वापरल्या आहेत.

सुरुवातीला साधी चिपच आवडते आणि ते रास्तही आहे. ड्रायव्हर एका दिवसात उभा राहतो. पीएमबसला व्हीआउट कमांडचा, म्हणजे हव्या त्या व्होल्टेजचा, आकडा बहुतेकदा लिनिअर१६ रूपात लागतो: १६ बिटांचा पूर्णांक गुणिले दोनचा ठरलेला घात. घातांक उणे १२ असेल, तर १.८ व्होल्टसाठी १.८ गुणिले ४०९६, म्हणजे ७३७३, हेक्समध्ये १सीसीडी. शिवाय त्यातला खालचा बाइट (सीडी) आधी पाठवायचा. हा क्रम माझ्याकडून एकदा उलटा झाला आणि मी १.८ ऐवजी १२.८ व्होल्ट मागून बसलो. व्हीआउट मॅक्सची, म्हणजे कमाल व्होल्टेजची, मर्यादा आधी घातलेली होती, म्हणून बोर्ड वाचला. ती मर्यादा सगळ्यात आधी तपासा.

माझा निर्णय मात्र वेगळ्याच त्रासामुळे झाला. साध्या चिपमधलं एक रजिस्टर वाचत असतानाच वॉचडॉगने (प्रोग्रॅम अडकला की रिसेट देणाऱ्या टायमरने) प्रोसेसर रिसेट केला. प्रोसेसर नव्याने सुरू झाला, पण चिपचा पुरवठा तुटलाच नव्हता. तिच्या दृष्टीने वाचन अजून चालूच होतं. डेटा लाइनवर शून्य धरून ती पुढच्या क्लॉकची वाट बघत होती. स्कोपवर क्लॉक वर, डेटा खाली, दोन्ही सपाट. चिप बंद-चालू करावी, तर ती आज्ञाही त्याच बसवरून जायची, आणि चिप चालू-बंद करणारी इनेबल पिन मी थेट इनपुटला बांधलेली. शेवटी प्लग काढला.

अडकलेली बस सोडवायला नऊ क्लॉक देण्याचा उपाय सगळ्यांना माहीत असतो, पण इथे तो डोळे मिटून करू नये. रिसेट लिहिण्याच्या मध्येच झाला असेल, तर डेटा लाइन वरच राहते आणि उरलेले बिट सगळे एक म्हणून आत जातात. मेमरी असती तर एक बाइट खराब झाला असता; हे व्होल्टेजचं रजिस्टर आहे. म्हणून लाइन खाली असेल तरच एकेक क्लॉक द्यायचा आणि ती सुटली की लगेच थांबून स्टॉप, म्हणजे व्यवहार संपल्याचा संकेत, द्यायचा.

पीएमबसचा पाया एसएमबस (आयटूसीवरूनच आलेली, जास्त कडक नियमांची बस) आहे आणि तिथे टाइमआउट नियमातच येतो. क्लॉक २५ मिलिसेकंदांहून जास्त खाली राहिला की चिपने व्यवहार सोडायचा, आणि ३५ पर्यंत तो सुटलेलाच असला पाहिजे. अडकलेल्या बसवर क्लॉक वर असतो, त्यामुळे हे आपोआप घडत नाही. म्हणून माझा बूटलोडर (प्रोसेसर सुरू होताच चालणारा छोटा प्रोग्रॅम) दर वेळी सुरुवातीलाच क्लॉक ४० मिलिसेकंद खाली धरतो. त्यानंतर माझ्या बोर्डांवर तरी प्लग काढायची वेळ आलेली नाही. टाइमआउट असलेल्या साध्या चिपही मिळतात, पण आयटूसीच्या नियमात तो नाही, म्हणून प्रत्येक डेटाशीट वाचावी लागते.

चिप चालू करण्याची बाबही पीएमबसमध्ये जास्त स्पष्ट आहे. पिनचं ऐकायचं, कमांडचं की दोन्हींचं, हे ऑन-ऑफ कॉन्फिग ही कमांड ठरवते. मग ऑपरेशन कमांडला हेक्स ८० दिलं की चालू, ४० दिलं की हळू बंद, ०० दिलं की तत्काळ बंद. पीईसी, म्हणजे आज्ञेच्या शेवटी जोडलेला तपासणीचा बाइट, वापरला, तर वाटेत बिघडलेली आज्ञा चिप नाकारते. फक्त सेटिंग कायमची साठवणारी कमांड प्रत्येक बूटला चालवू नका. आतल्या मेमरीला मोजक्याच वेळा लिहिता येतं.

एकच रेल (व्होल्टेजची एकच लाइन) असेल, जागा कमी असेल आणि इनेबल पिन दुसऱ्या एखाद्या मायक्रोकंट्रोलरच्या हातात असेल, तर साधी चिप खुशाल घ्या. पण ती चिप ज्याला वीज पुरवते तोच प्रोसेसर तिला चालवणार असेल, तर मी पीएमबसच घेईन, आकड्यांची कटकट धरूनही.