रेशमी चादर आणि अभ्रे: कापड उत्तम, शिवण काठावर पास

इलास्टिकची एक चादर, वरची एक सपाट चादर आणि दोन अभ्रे असा हा २२ मॉमीचा मलबेरी (तुतीच्या) रेशमाचा संच आहे. मॉमी हे रेशमाचं वजन सांगायचं माप. २२ मॉमी म्हणजे चौरस मीटरला साधारण ९५ ग्रॅम. चादरीसाठी याहून हलकं घेऊ नये असं माझं मत आहे, कारण १६ मॉमीचं कापड अंगाखाली फार लवकर विरतं. खोक्यावर भल्यामोठ्या अक्षरांत धाग्यांची संख्याही छापलीय, तिच्याकडे बघू नका. रेशमात वजनच बोलतं.

मी शिवणकाम करते, त्यामुळे नवीन कापड आधी उलटं करून बघायची खोड आहे. अभ्र्याच्या आतल्या शिवणीतला एक सुटा धागा काढून जाळला. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली. रेशीम खरं आहे. सॅटिन म्हणून विकलं जाणारं पॉलिस्टर असतं तर वितळून टोकाला कडक मणी झाला असता. वीणही एकसारखी आहे, कुठे गाठ नाही. झोपायला सुख आहे, त्यावर वेगळं काय लिहायचं!

आता तक्रार. काही महिन्यांतच इलास्टिकच्या चादरीचे कोपरे गेले. नीट बघितलं तर टीप जशीच्या तशी होती, दोरा कुठेही तुटला नव्हता. कापडाचेच धागे टिपेपासून बाजूला सरकले होते आणि मधल्या फटीत नुसते आडवे धागे शिडीसारखे उरले होते. रेशमाचा धागा अखंड आणि गुळगुळीत, त्यात सॅटिनच्या विणीत (धागे लांबलांब मोकळे राहतात अशी वीण, रेशमातही असते) त्याला पकड कमी. अशा कापडाला कोपऱ्यावर इलास्टिकचा चोवीस तास ताण द्यायचा, तर शिवणीला माया, म्हणजे टिपेबाहेर सोडलेलं कापड, भरपूर हवी आणि शिवण दुहेरी हवी. इथे जेमतेम पाच मिलिमीटर माया ठेवून एकेरी ओव्हरलॉक (कडेवरून गुंडाळणारी मशीनची शिवण) मारलंय. कंपनीकडून उत्तर आलं की धुण्यात चूक झाली असेल. धुण्याने नेमके कोपरेच कसे जातील, ते मात्र कोणी सांगितलं नाही.

धुण्याच्या सूचनाही अर्धवट आहेत. लेबलवर फक्त ‘सौम्य डिटर्जंट’ एवढंच. सौम्य म्हणवणाऱ्या पुष्कळ डिटर्जंटमध्ये डाग काढणारी एन्झाइम्स असतात. त्यातलं प्रोटीएज प्रथिनं तोडतं, आणि रेशीम प्रथिनाचंच असतं. त्यामुळे घटकांच्या यादीत हे नाव दिसलं की ती बाटली परत ठेवा. क्लोरीनचं ब्लीच तर जवळही नको. पाणी ३० अंशांपर्यंत, कपडा जाळीच्या पिशवीत, मशीनचा स्पिन कमीत कमी. पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि सावलीत वाळत घालायचं. उन्हाने रेशीम पिवळं पडतं आणि कमकुवतही होतं. इस्त्री उलट बाजूने, कापड किंचित दमट असताना.

डाग पडला तर ओलं कापड चोळू नका, हे लेबलवर ठळक छापायला हवं होतं. ओलं रेशीम कोरड्यापेक्षा कमजोर असतं. चोळलं की तंतू बारीक फाटून वर येतात आणि तिथे पांढुरका, चमक गेलेला पट्टा पडतो. लोक त्याला डाग समजून आणखी चोळतात! तो धुऊन जात नाही, कारण तिथे कापडच झिजलेलं असतं. मुरमांच्या मलमात बेंझॉइल पेरॉक्साइड असेल तर अभ्र्याचा रंग उडतो, ती वेगळी गोष्ट. तिथे कापडाला दोष देऊ नये.

सपाट चादर आणि अभ्रे मात्र अजून ठणठणीत आहेत. अभ्र्याला चेन नाही, आत दुमडायची पट्टी आहे, त्यामुळे काही अडकत नाही. चादरीत पायांच्या बाजूला दोनचार धागे ओढले गेलेत, ते भेगाळलेल्या टाचांमुळे. ओढलेला धागा कापू नका, बोथट सुईने उलट बाजूला घ्या. विरलेल्या जागी जाड सुती दोऱ्याने रफू केलं तर तो दोराच भोवतालचं रेशीम कापतो. त्यापेक्षा मागून पातळ रेशमाचा तुकडा लावून बारीक रेशमी दोऱ्याने सैल टाके घालावेत.

इलास्टिकच्या चादरीचे कोपरे मी कापून टाकले. मधला भाग धडधाकट होता, त्याचे आणखी दोन अभ्रे निघाले, या वेळी फ्रेंच शिवण (कापडाच्या कडा आत बंद करणारी दुहेरी शिवण) घालून. पूर्ण संच घेऊ नका. अभ्रे आणि गादीपेक्षा चांगली मोठी सपाट चादर सुटी मिळत असेल तर जरूर घ्या, कडा गादीखाली खोचता येतात आणि ताण पडत नाही. रंग फिकट निवडा, गडद रंगावर ते पांढुरके पट्टे लांबूनही दिसतात.