पित्तनलिकेतला खडा, ईआरसीपी आणि स्टेंट : आईचा अनुभव

आईची ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेतला खडा काढणं) होऊन आता बरेच महिने झालेत, म्हणून नीट लिहिते. मुद्द्याचं आधी सांगते: खडा निघाला म्हणजे उपचार संपला असं नाही. आत स्टेंट (पित्त वाहतं राहावं म्हणून पित्तनलिकेत ठेवलेली बारीक नळी) ठेवला असेल तर तो कधी काढायचा, ती तारीख डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहून मागा.

आईचे डोळे पिवळे झाले होते, लघवी गडद, अंगाला खाज आणि हुडहुडी भरून ताप. ओळखीचे लोक काविळीची माळ सुचवत होते. पण पित्ताशयातून घसरलेला खडा नळीत अडकून झालेली कावीळ माळेनं उतरत नाही, आणि सोबत थंडीताप असेल तर नळीत जंतुसंसर्ग असू शकतो. तिथे एक रात्रही थांबू नये. सोनोग्राफीत नळी फुगलेली दिसली, खडा मात्र एमआरसीपीतच (पित्तनलिकेच्या एमआरआयमध्येच) दिसला.

ईआरसीपीत पोटावर एकही टाका नाही. तोंडातून दुर्बीण लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात नेतात. नळीचं तोंड आतड्याच्या बाजूच्या भिंतीवर असल्यामुळे या दुर्बिणीचा कॅमेराही बाजूलाच बघतो. ते तोंड विजेच्या तारेनं जरासं कापून फुग्यानं खडा खाली ओढला. जर्मनी आणि जपानमध्ये १९७४ साली सुरू झालेली ही नळीचं तोंड कापून खडा काढायची पद्धत आज पोट उघडायची वेळ सहसा येऊ देत नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं.

धोका आहेच. शंभरातल्या साधारण तीन ते दहा जणांना नंतर स्वादुपिंडाला सूज येते. ती टाळायला गुदद्वारातून वेदनाशामक गोळी देतात. आईलाही दिली होती. रात्री तिचं पोट दुखलं, स्वादुपिंडाची सूज कळायला रक्तातलं लायपेज तपासलं, ते ठीक निघालं.

खरा राग कार्डाचा. स्टेंटचा उल्लेख तळाशी, इंग्रजी आद्याक्षरांत, आणि तोंडी कुणी काही सांगितलं नाही. प्लास्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत काढावा किंवा बदलावा लागतो, नाहीतर तुंबून पुन्हा कावीळ आणि ताप येतो. आम्ही स्वतः फोन करून वेळ घेतली. काढायला काही मिनिटंच लागली. बाहेर आलेली नळी बोटभर लांब आणि एका टोकाला काळपट गाळानं जवळजवळ बुजलेली.

पित्ताशयही दुर्बिणीनं काढून घेतलं, कारण खडे तिथेच तयार होत होते. आता आई भाकरी-पिठलं व्यवस्थित खाते. खर्चाचा अंदाज घेताना स्टेंट काढण्याचा खर्च त्यात धरलाय का, हे आधीच विचारा. आमच्या पॅकेजमध्ये तो नव्हता.