ब्रुडनेल सोशल क्लब, लीड्स : कामगारांच्या क्लबातला रॉक

उत्तर इंग्लंडातल्या लीड्स शहराच्या मुख्य स्थानकातून हॅरोगेटकडे जाणाऱ्या गाडीत बसले की पहिलेच स्थानक बर्ली पार्कचे लागते. तेथून लाल विटांच्या, एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या घरांच्या रांगांमधून थोडे चालले की क्वीन्स रोडवर एक बैठी, बाहेरून अगदी साधी दिसणारी इमारत येते. पहिल्या खेपेस मी तिच्यासमोरून तशीच पुढे निघून गेले होते, कारण इंग्लंडभरच्या इंडी, म्हणजे मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या आधाराशिवाय वाटचाल करणाऱ्या, बँडना जेथे वाजवण्याची ओढ असते ती जागा एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या सभागृहासारखी दिसत असेल, हे माझ्या मनातही आले नव्हते. त्यानंतर लीड्समधल्या दोन वर्षांच्या वास्तव्यात मी तेथे पंधराएक कार्यक्रम ऐकले, आणि लहान जागेत रॉक ऐकण्याविषयी मला जे काही कळते ते बहुतेक या क्लबाने शिकवले आहे.

हा क्लब १९१३ साली स्थापन झाला. कामगारांनी वर्गणी काढून चालवलेल्या, दिवसभराच्या कामानंतर पेला हातात घेऊन गप्पा मारण्याच्या, पत्ते आणि बिलियर्ड्स खेळण्याच्या अशा जागा उत्तर इंग्लंडात गावोगावी होत्या. त्यांची मध्यवर्ती संघटना तर १८६२पासूनची आहे. गिरण्या आणि कारखाने बंद पडत गेले तसे यांतले असंख्य क्लब ओस पडले. गिरणगावातल्या ज्या चाळींत एके काळी भजनी मंडळे आणि शाहिरांची कलापथके घडली, त्या परिसराचे पुढे काय झाले हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही कहाणी वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारातही २००७पासून २०१६पर्यंत ‘ब्लू फ्रॉग’ या क्लबात बँड वाजत होते, परंतु तेथे गिरणी संपल्यानंतर संगीत आले. ब्रुडनेलमध्ये जुना क्लब संपलाच नाही. १९९२पासून तो सांभाळणाऱ्या क्लार्क कुटुंबाने तरुण बँडसाठी दार उघडले, आणि जुन्या सभासदांची बसण्याची जागा मात्र हलवली नाही. त्यामुळे आजही एका दालनात शेजारपाजारचे वयस्कर गृहस्थ शांतपणे आपला खेळ खेळत असतात आणि भिंतीपलीकडे तीन गिटार एकदम गर्जत असतात. हे शेजारपण मला फार मोलाचे वाटते, कारण त्यामुळे ऐकायला आलेल्या माणसाला आपण ग्राहक नसून पाहुणे आहोत असे वाटते.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे ध्वनी. मुख्य दालनात चारेकशे माणसे मावतात आणि मंच बुटका आहे, त्यामुळे वाजवणारा आणि ऐकणारा जवळजवळ एकाच पातळीवर असतात. इतक्या लहान दालनात ड्रमचा आवाज स्पीकरमधून येण्याची वाटच पाहत नाही. तो थेट वाद्यावरून छातीवर आदळतो. गिटारही बऱ्याच अंशी तिच्या स्वतःच्या अँप्लिफायरमधूनच ऐकू येते. याचा अर्थ असा की ध्वनिनियंत्रण करणाऱ्याच्या हाती वाढवण्याचे सामर्थ्य असते, कमी करण्याचे फारसे नसते. ड्रमवादक बेसुमार जोराने वाजवत असेल तर गायकाचा आवाज त्याच्यावर चढवताना माइक शिट्टी मारू लागतो, आणि शब्द हरवतात ते हरवतातच. शिवाय रिकाम्या दालनात संध्याकाळी केलेली आवाजाची जुळणी माणसे भरल्यावर बदलते, कारण अंगावरचे कपडे आणि शरीरे वरच्या पट्टीतले आवाज शोषून घेतात. ब्रुडनेलमध्ये पहिल्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यापर्यंत ही जुळणी पुन्हा बसलेली असते, हा माझा जवळजवळ प्रत्येक वेळचा अनुभव आहे. एका रात्री गायिकेने मधेच गिटार थांबवून केवळ बास गिटारच्या साथीने चार ओळी म्हटल्या, तेव्हा तिने ओळींच्या मध्ये घेतलेला श्वासही मागच्या भिंतीपाशी ऐकू आला. ज्यांनी एखाद्याच्या घरच्या बैठकीत, तंबोऱ्यापासून हातभर अंतरावर बसून ख्याल ऐकला आहे, त्यांना या जवळिकीची किंमत लगेच कळेल.

याच्या उलट अनुभवही घेतला आहे. लंडनमधल्या एका नावाजलेल्या जागेत याच आकाराचे दालन होते, पण तेथे बासचा आवाज इतका फुगवलेला होता की गाणे कोणते चालू आहे हे केवळ ड्रमवरून ओळखावे लागत होते, आणि शेजारचे लोक सबंध वेळ मोठ्याने बोलत होते. जागा लहान असली म्हणजे ऐकणे चांगले होतेच असे नाही. चालवणाऱ्याचा कान आणि येणाऱ्यांची सवय या दोन्ही गोष्टी वर्षानुवर्षे घडवाव्या लागतात.

मुख्य बँडच्या आधी वाजवणाऱ्या नवख्या बँडसाठी अवश्य वेळेवर जावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. लीड्समध्ये सत्तरच्या दशकाच्या अखेरीस गँग ऑफ फोर आणि मेकॉन्स हे बँड विद्यापीठाच्या परिसरातून उभे राहिले, पुढे वेडिंग प्रेझेंट आले, कायझर चीफ्स आले, आणि वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमला दिले जाणारे मर्क्युरी पारितोषिक २०२४मध्ये इंग्लिश टीचर या लीड्सच्याच बँडला मिळाले. तब्बल दहा वर्षांनी ते लंडनबाहेरच्या कलावंतांकडे गेले होते. अशी नावे अचानक उगवत नाहीत. साडेसातला दार उघडल्यावर चाळीस माणसांसमोर, हात थरथरत असताना वाजवलेल्या अर्ध्या तासातून ती तयार होतात, आणि तो अर्धा तास समोर उभे राहून ऐकणारे कोणीतरी लागते.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात सांगते. मी काढलेली बहुतेक तिकिटे दहा ते वीस पौंडांच्या दरम्यानची होती. कार्यक्रम प्रायः उभ्याने ऐकायचे असतात. उंची कमी असेल तर लवकर जाऊन पुढे किंवा कडेला जागा धरावी. कानांसाठी बोळे सोबत ठेवावेत, आणि ते साध्या फोमचे नसून संगीतासाठी बनवलेले असावेत, कारण फोमने वरचे स्वर मरतात आणि सगळे गढूळ ऐकू येते. ध्वनिनियंत्रणाच्या मेजाजवळ उभे राहिल्यास सर्वांत समतोल ऐकू येते, कारण ते मेज चालवणारी व्यक्ती स्वतः तेच ऐकत असते. मुख्य दालनाखेरीज २०१७मध्ये सुरू झालेले दुसरे दालनही आहे, म्हणून एकाच रात्री दोन कार्यक्रम असतील तर तिकिटावरचे नाव पाहून योग्य दाराशी रांग धरावी.

तिकिटाबरोबर आणखी काही खर्च करता येत असेल तर तो बँड आपल्या तबकड्या आणि टीशर्ट विकायला ठेवतो त्या मेजावर करावा. ब्रिटनमध्ये २०२३ या एकाच वर्षात अशा १२५ लहान जागांतील संगीताचे कार्यक्रम बंद झाले, आणि ज्या उरल्या त्यांतल्या बहुतेकांचा नफा नावापुरताच असतो. बँडला मिळणारे मानधन भाड्याच्या गाडीत, इंधनात आणि एका रात्रीच्या मुक्कामात संपते. ब्रुडनेलमध्ये शेवटचे गाणे झाल्यावर पाच मिनिटांत गायक घामेजलेल्या शर्टावर जाकीट चढवून दाराजवळच्या मेजामागे येऊन उभा राहिलेला मी अनेकदा पाहिला आहे. माझ्याकडे तेथून घेतलेल्या चार तबकड्या आणि धुऊन धुऊन फिकट झालेला एक टीशर्ट आहे. तो विकत घेताना मी बासवादकाला विचारले होते की तिसऱ्या गाण्यात ठेका मुद्दाम मागे खेचला होता का. रांगेत माझ्यामागे सहा माणसे असतानाही त्याने मेजावर बोटांनी दोन्ही ठेके वाजवून मला फरक दाखवला.